तीस नंबरचा तंगूस

दौंडला खोली घेतली त्या पहिल्याच दिवशी घरमालकानं माझी ट्रंक छताला टांगली. खोटं वाटेल, पण आमची ओळख झाली ती अशी. मी टेलिफोन एक्स्चेंजला नोकरीला लागले होते. मोबाइल यायच्या आधीचा काळ. रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत खोली आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून गेले. त्याआधी चार घरं पाहून झाली होती, आणि चारही ठिकाणी पहिला प्रश्न आडून आडून जातीचाच होता. इथं दारात एक उंच, सावळे गृहस्थ उभे, अंगात बनियन आणि रेल्वेची खाकी पँट. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ट्रंक एका हातानं उचलली, खालीवर केली आणि म्हणाले, "बारा किलो आसंल, न्हाई का?"

मी म्हटलं, "असेल."

"मग जरा थांब."

आणि माणूस ट्रंक घेऊन आत. मी मागोमाग. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलवरून एक हिरवट, पारदर्शक दोरा लोंबत होता. मासे धरायचा नायलॉनचा दोरा, त्याला तंगूस म्हणतात. मामांनी, म्हणजे ह्या घरमालकांनी, पुढं मी त्यांना मामाच म्हणायला लागले, तो ट्रंकेच्या कडीला बांधला, गाठ तोंडात घालून ओली केली, आवळली आणि हळूच हात काढून घेतले. ट्रंक हवेत. मग तंगुसावर नखानं टिचकी मारून मला म्हणाले, "ऐक."

मी ऐकलं. आधी बारीक आवाज आला आणि पाठोपाठ ट्रंक धाडकन फरशीवर. झाकण उघडलं, आईनं दिलेली लोणच्याची बरणी फुटली, माझ्या तीन नव्याकोऱ्या साड्यांना खार लागला. मला रडूच फुटायचं बाकी होतं. आणि हा माणूस तुटलेला दोरा डोळ्यांजवळ धरून नाचायचा बाकी. "बघितलंस का? गाठीत न्हाई तुटला, मधी तुटला. म्हंजी गाठ एक नंबर."

तेवढ्यात त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या मामी, झाडू घेऊन आल्या. त्यांना बहुतेक आवाजावरूनच कळलं होतं. काचा गोळा करत मला म्हणाल्या, "आदल्या भाडेकरणीचा गॅस टांगला व्हता ह्यांनी. ती तिसऱ्या दिवशी गेली. तू किती दिवस ऱ्हातीस बाई?"

मी सहा वर्षं राहिले.

मामा रेल्वेत चाकं ठोकायचे. गाडी फलाटावर थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्याखाली वाकायचं आणि एकेका चाकाला ठोका द्यायचा. चाक चांगलं असेल तर ते वाजतं, तडा असेल तर बद्द बोलतं. तीस वर्षं हेच केल्यामुळं माणसाच्या बोटांना खोडच लागली होती. बाजारात कलिंगड, कुंभाराकडं मडकं, ठीक आहे, सगळेच वाजवून घेतात. मामा खुर्ची वाजवून मग बसायचे. मला बघायला एक मुलगा आला होता, त्याच्या पाठीवर त्यांनी प्रेमानं थाप मारली आणि तो गेल्यावर चेहरा पाडून म्हणाले, "पोकळ हाय." मी नकार दिला तो वेगळ्या कारणानं, पण मामांना कायम वाटत राहिलं की त्यांच्या थापेनं माझा जन्म वाचला.

"वस्तू बोलती," असं त्यांचं म्हणणं. "ऐकणारा पायजे."

आणि सगळ्यात जास्त ते ऐकायचे तंगुसाचं. का, तर त्यांना लाकडाच्या माशानं खरा मासा धरायचा होता. हसू नका. मी हसले होते, आणि त्याबद्दल मला दोन दिवस नळाचं पाणी मिळालं नाही.

गोष्ट अशी. भीमेवर मरळ धरायची रीत म्हणजे जिवंत बेडूक. बेडकाच्या पाठीतून गळ घालायचा आणि त्याला पाण्यावर सोडायचं. तो तडफडतो, मरळ येते. मामाही वर्षानुवर्षं तसंच करायचे. एका रविवारी विहारातली वंदना आटोपून, पंचशील म्हणून, ते तसेच नदीवर गेले. पिशवीतून बेडूक काढला, गळ हातात घेतला, आणि बेडकानं त्यांच्याकडं बघितलं. ही त्यांचीच भाषा. "नीट बघितलं. म्हनला, आत्ताच काय म्हनून आलास तू?" मामांनी बेडूक सोडला, पिशवीतले बाकीचे सहाही सोडले, आणि त्या दिवसापासून जिवंत आमिष बंद.

मामी यावरून त्यांना आयुष्यभर सोलायच्या. "बेडकाला सोडायचं आन् माशाला मारायचं. हे कंच्या शीलात बसतं वो?"

"मासा मी खातो. बेडूक खातो का?"

"उद्या कुनी खायला शिकवलं तर?"

यावर मामा उठून अंगणात जायचे आणि लाकूड तासत बसायचे. लाकूड पांगाऱ्याचं, कारण ते हलकं. त्याचा वीतभर मासा करायचा, पोटाखाली तीन नांग्यांचा गळ, आणि तोंडाला पत्र्याची जीभ. सगळी गंमत त्या जिभेत. दोऱ्यानं ओढला की मासा पाण्यावर राहत नाही. जीभ पाण्याला अडते, मासा डोकं खाली घालतो आणि थरथरत, अंग हलवत खोल खोल जातो. ओढायचं थांबवलं की बापुडा पुन्हा वर येतो. त्याला रंग द्यायला माझी नेलपॉलिशची बाटली गेली. वेळूची काठी, सायकलच्या हबचं घरी केलेलं रीळ आणि अंगठ्याला चामड्याची टोपी, असा सगळा सरंजाम.

मासा जमला. अडलं ते दोऱ्यावर. मला तेव्हा वाटायचं दोरा तो दोरा, त्यात काय एवढं. मामांनी माझी शिकवणीच घेतली. दोरा जाड असला तर तो पाण्यात अडतो आणि लाकडी माशाला खाली जाऊच देत नाही. बारीक असला तर मासा खोल जातो, पण दोरा खडकाला घासून तुटतो. बरं, मजबूत आणि बारीक असा विणलेला दोरा पुण्यात मिळतो, त्यांनी तो आणलाही. पण तो ताणला जात नाही. खऱ्या माशानं हिसका दिला की त्याचा ओठ फाटतो आणि गळ मोकळा. म्हणजे दोरा बारीक पाहिजे, थोडा ताणला गेला पाहिजे आणि दगडाला भीक घालणारा नको.

"तिन्ही गुण एका जागी सापडत न्हाईत," मामा म्हणायचे. "तंगुसातबी न्हाई आन् मानसातबी न्हाई."

"सापडलं असतं तर मी हितं आले असते का?" मामी आतून.

त्या शोधात त्यांनी काय काय बांधून पाहिलं. पतंगाचा मांजा, बॅडमिंटनच्या रॅकेटची तार, दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून टाके घालायचा दोरा. एकदा भर ड्यूटीवर माझ्या एक्स्चेंजला आले आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "टेलिफोनबाई, आतली तांब्याची तार, एक हातभर."

"मामा, सरकारी माल आहे."

"मी कुठं न्हेतोय? हितंच वाजवून परत देतो."

आमच्या साहेबांना मी काय सांगितलं ते सांगत नाही.

आता हा सगळा येडेपणा येडेपणाच राहिला असता. पण मामींच्या भावाच्या मुलाचा साखरपुडा झाला, आणि तिथं त्याची पैज झाली. मामींचं माहेर वडगाव रासाईचं, नदीकाठी. भाऊ विहिरी खोदताना सुरुंग लावायची कामं घ्यायचा. आडदांड, हसरा, गावात वजन असलेला माणूस. दरवर्षी मे महिन्यात नदी आटली की उरलेल्या डोहात तो कामावरच्या सुरुंगाच्या दोन कांड्या टाकायचा. मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे, गाव पाट्या भरभरून न्यायचं. मोठे नेले जायचे, बोटाएवढी पिल्लं काठावर कुजायची. मामांना ते बघवायचं नाही. पण सासरवाडी पडली, बोलणार काय?

साखरपुड्याच्या पंगतीत बोलले. आणि मेव्हणे जिलबी वाढता वाढता थांबले.

"दाजी, बेडूक लावायचा न्हाई म्हन्ता. जाळं तुम्हाला नगं. सुरुंग नगं. मग काय मासा येऊन तुमच्या ताटात बसणार का?"

"लाकडाच्या माशानं येतो."

पंगत हसली. मेव्हणेही हसले, पण मग वाढपाचं भांडं खाली ठेवून म्हणाले, "बरं. डोहातला एक मिशावाला शिंगाडा मासा लाकडाच्या माशानं काठावर आनून दाखवा. परत जर मी डोहात कांडी टाकली तर बापाचं नाव लावनार न्हाई."

"आन् न्हाई आला तर?"

"तर तुमचं लाकूड चुलीत. आन् ह्या वर्षीची वात तुमी पेटवायची, तुमच्या हातानं."

मामांचं जेवण तिथंच थांबलं. शब्द मात्र दिला. घरी येताना जीपमध्ये मामी तोंड फिरवून बाहेर बघत बसल्या. बेडूक सोडून देणाऱ्या माणसाला अख्खा डोह मारायची वात पेटवायला लागणार होती, आणि तीही त्यांच्याच माहेरी. मामा मात्र बोटावर बोट आपटत काहीतरी मोजत बसले होते.

नंतरचे तीन महिने आमच्या घरात तंगुसाशिवाय दुसरा विषय नव्हता. मीही त्यात ओढली गेले. कशी, ते सांगते. यवतजवळ दगडाची एक जुनी खाण होती, पाण्यानं भरलेली. मामा एका रविवारी मला आणि मामींना तिथं घेऊन गेले. मामींनी भाकरी बांधून घेतल्या होत्या, त्यांना वाटलं सहल आहे. त्या खाणीचा एक काठ उतरता होता, पाण्याखाली दगडाची घसरगुंडीच. मामांनी आधी दोरीला धोंडा बांधून कुठं किती पाणी आहे ते मोजलं आणि काठावर चुन्यानं खुणा केल्या. पाच हात, सात हात, नऊ हात. मग लाकडी मासा लांब फेकायचा आणि ओढत आणायचा. मासा जितका खोल जाईल तितका आधी तो त्या उतरत्या दगडाला धडकणार. किती साधी युक्ती, पण मला त्या दिवशी टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

साठ नंबरचा जाड तंगूस लावला. मासा पाच हातांच्या खुणेला धडकला. चाळीस नंबर, सात हात. मग मामांनी तीस नंबर काढला. केसाएवढा. फेकला आणि काठी माझ्या हातात दिली. "दोऱ्यावर बोट ठेव. बोलू नगंस."

मी रीळ फिरवत होते. बोटाखाली लाकडी मासा थरथरत होता, मला तो लांब पाण्यात, अंधारात कुठंतरी हलताना कळत होता. आणि एकदम टक. दगड. परत टक. माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडले, "मामा, लागला." ते काठाकाठानं पळत गेले, खूण पाहिली. नऊ हात.

"शिंगाडा उन्हाळ्यात आठ हाताच्या वर येत न्हाई," ते म्हणाले. "झालं. तीस नंबर."

"पण मामा, तो सात किलोलाही तुटतो. तुम्हीच टांगून पाहिलाय."

"टांगल्यावर तुटतो. पान्यात माशाला वजन नसतं पोरी, जोर असतो. जोराला जागा दिली की तंगूस तुटत न्हाई. त्यो वढंल तवा द्यायचं, थांबंल तवा घ्यायचं."

"मला कवा दिली वो अशी जागा?" मामी भाकरी सोडत म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसून हसून लोळलो.

मे महिना उजाडला. दौंडहून पहाटेच्या गाडीनं केडगाव, तिथून जीप, आणि आठ वाजता आम्ही डोहावर. बघते तर निम्मं गाव काठावर, पाट्या आणि घमेली घेऊन. खरं सांगायचं तर सगळे सुरुंगाच्या बाजूनं होते. एका शिंगाड्यात कुणाचं कालवण होणार? मेव्हणे बाभळीखाली खडकावर बसलेले, पांढराशुभ्र शर्ट-पायजमा. कांड्यांची पिशवी लांब, त्यांच्या माणसाजवळ.

"दाजी, दिस डोक्यावर येस्तोवर."

"व्हय."

मामांनी पेटी उघडली. दोन रिळं होती, एक साठ नंबरचं, एक तीस. बिडी ओढत उकिडवे बसलेले एक आबा म्हणाले, "जाड लावा पाव्हणं. शिंगाडा हाय, बारकी चिलापी न्हाई."

मामी कानाशी जाऊन कुजबुजल्या, "जाडच लावा वो. हसं व्हईल." आणि खाण डोळ्यांनी पाहिलेली मी, मलाही त्या क्षणी वाटलं, जाडच बरा.

मामांनी दोन्ही ताणून वाजवले. ऐकले. मग आबांना म्हणाले, "जाड तुटनार न्हाई हे खरं हाय आबा. पण त्यो माशापातूर पोचनारच न्हाई." आणि तीस नंबर काठीला चढवला.

पहिला तास काही नाही. लाकडी मासा जायचा, यायचा, जायचा, यायचा. लोक आधी बघत होते, मग गप्पा मारायला लागले. दुसऱ्या तासात मासा खडकाच्या सांदीत अडकला आणि तंगूस तुटला. कुणीतरी फिसकन हसलं. पेटीत आता दोनच लाकडी मासे उरले होते. मामा गाठ मारायला बसले, गाठ तोंडात घालून ओली केली. सावल्या आखूड व्हायला लागल्या होत्या, आणि पिशवीजवळचा माणूस उठून कंबर मोकळी करत होता.

मामांनी पुन्हा फेकला. डोळे मिटून ओढायला लागले आणि पुटपुटायला लागले. "टक. खडक लागला. टक. बरोबर जागी हाय. टक."

मग टक आलाच नाही. काठी वाकली. अशी वाकली की शेंडा पाण्यात गेला, आणि रीळ किंचाळायला लागलं. मामांनी चामड्याची टोपी घातलेला अंगठा रिळावर टेकवला, नुसता टेकवला. "घे," ते म्हणाले, "घे बाबा. पायजे तेवढा घे."

गाव उभं राहिलं. मासा समोरच्या काठापर्यंत गेला, तंगूस सुटत राहिला. थांबला. मामांनी वीतवीत करत परत घेतला. पुन्हा पळाला, पुन्हा दिला. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मी मामींचा हात धरला होता आणि त्यांची बांगडी माझ्या तळव्यात रुतून तिचा वळ उठला तरी मला कळलं नाही. काठावर आता कुणी हसत नव्हतं. आबांची बिडी विझली होती आणि ते तशीच ओढत होते.

एकदम मामांचा चेहरा बदलला. "घासतंय," ते म्हणाले. मासा पाण्याखालच्या एका खडकाच्या आड गेला होता आणि तंगूस कडेला घासत होता. कुणीतरी पाण्यात उतरून तो वरून सोडवायला हवा होता, आणि कुठं, ते फक्त मामांना माहीत. त्यांनी मागं वळून पाहिलं. सगळ्यात जवळ मेव्हणे उभे. बघता बघता ते कधी खाली आले होते त्यांचं त्यांना कळलं नव्हतं. पायातल्या चपला पाण्यात.

"धरा," मामा म्हणाले.

"मी?"

"धरा म्हन्तो. अंगठा हितं ठेवा. त्यो वढंल तवा द्या. तुमी वढू नगा."

आणि मामा कपड्यांसकट पाण्यात. मी मेव्हण्यांकडं बघत होते. वीस वर्षं त्या माणसानं मासे पाहिले ते पोट वर केलेलेच. काठी हातात आली आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडलं.

"दाजी," ते हळूच म्हणाले, "हे हालतंय."

"जित्तं हाय, हालनारच," मामा छातीएवढ्या पाण्यातून.

"न्हाई वो. हाताला कळतंय. डोस्कं झटकतंय त्यो. दाजी, इचार केल्यागत थांबतंय आन् मग झटकतंय."

मामांनी बुडी मारली. वर आले, तंगूस हातानं उचलून खडकावरून सोडवला. आणि मासा वर आला. काळ्या पाण्यातून आधी लांब मिशा, मग पाठ, मग सगळं अंग. माणसाच्या पायाएवढा शिंगाडा, जबड्यात माझी नेलपॉलिश लावलेला लाकडी मासा, काठापासून दहा हातांवर. गाव असं ओरडलं की बाभळीवरची पाखरं उडाली.

तिथंच घात झाला. मेव्हणे सगळं विसरले. विहिरीवर घमेलं वर घेणारा माणूस तो, जन्मभर दोर ओढलेला. त्यांनी काठी टाकली, तंगुसाचा मुठीला वेढा घेतला आणि पाय रोवून दोन दणदणीत हिसके मारले. तीस नंबर तो. तुटला. मासा एक क्षण तसाच होता, मग शेपटी मारून खाली गेला.

मामा पाण्यात उभे होते ते चालत बाहेर आले. अंगावरून पाणी निथळतंय, खिशातून शेवाळ लोंबतंय. ते कुणाकडंही न बघता म्हणाले, "आना काडीपेटी."

मामी पुढं झाल्या. "आवं, त्याच्या हातनं तुटलं ना? तुमी तर आनला व्हता."

"तंगूस मी निवडला. धराय मी दिला. मासा काठावर आला न्हाई." मामांचा आवाज फाटला होता. "शब्द म्हंजी शब्द."

कुणी काडीपेटी देईना. शेवटी आबांनी खिशातली काढून त्यांच्या ओल्या हातावर ठेवली, आणि मान फिरवली. मामा पिशवीच्या दिशेनं चालायला लागले. मी रडत होते, अगदी हमसून, मला लाज नाही वाटली. त्या माणसाची पाठ मला अजून दिसते.

"दाजी."

मेव्हणे जागचे हलले नव्हते. तुटलेला तंगूस अजून मुठीला गुंडाळलेला, तो रुतून तळव्यातून रक्त येत होतं, आणि ते पाण्याकडं बघत होते.

मामा थांबले. "काय?"

"लाकडाचा मासा हाय का आजून?"

"एक हाय."

"आन् तंगूस?"

"हाय की. रीळ भरून हाय."

मेव्हण्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि गुडघाभर पाण्यात जाऊन आपण टाकलेली काठी उचलून आणली. मागून कुणीतरी ओरडलं, "आवो, दिस डोक्यावर आला. वात कवा पेटवायची?"

ते गर्रकन वळले. "पाट्या उचला आन् घरी जावा. कुनी पान्यात खडा सुदिक टाकायचा न्हाई. माझा मासा हाय डोहात."

मामा काडीपेटी धरून तसेच उभे होते. मामी गेल्या, त्यांनी त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि ती काढून घेतली.

"आना हिकडं, भिजंल," त्या म्हणाल्या. "चहा ठेवते. भाऊनं सकाळपासनं घेतला न्हाई."